कुंभाराचं गाढव आणि सुंठीचा काढा

परवाच्या पंधरवड्यात नातवाला पडसं झालं. मार्गशीर्षाचे दिवस. पहाटे मांजरेच्या अंगानं गार वारा सुटतो, तुरीच्या रानावर धुकं बसतं आणि अंगणातली तुळस काळवंडून आकसते. लेकरू दोन दिवस नाक ओढत शाळेला गेलं. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठेचना. म्हणालं, "आजी, नाक पार बंद झालंय, तोंडानं श्वास घ्यायलोय."

आमच्या घरचा काढा असा : पितळी पातेल्यात दोन पेले पाणी. सुंठ खलबत्त्यात घरीच ठेचलेली, विकतची पूड नाही. पुडीचा वास डबा चार वेळा उघडला की उडून जातो. सात-आठ मिरे, दोन लवंगा, तुळशीची दहा-बारा पानं, मागच्या कुंपणावरच्या अडुळशाचं एक पान, आणि गवती चहाची लांब पात दुमडून तिला मारलेली गाठ. पाणी उकळायला लागलं की ती गाठ पातेल्यात गरगर फिरते, खाली जाते, पुन्हा वर येते. पाणी निम्मं झालं की गॅस बंद करायचा आणि मग गूळ टाकायचा. पेला हातात धरवेल इतपत निवला की द्यायचा. माझी माय हाताच्या पाठीला पेला लावून बघायची, मीही तसंच बघते.

लेकरानं तोंड वाकडं करत चार दिवस काढा घेतला. पाचव्या दिवशी पायरीवर बसून भाकरी-दूध खाता खाता मला विचारलं, "आजी, काढा नसता दिलास तर मी बरा झालोच नसतो का?"

तेहेतीस वर्षं मी संस्कृत आणि मराठी शिकवलं. वर्गात असं कुणी विचारलं की मला आनंद व्हायचा. घरात विचारल्यावर मात्र छातीत थोडं टोचलं. तरी खोटं बोलवेना. "झाला असतास," मी म्हणाले.

"मग?"

एवढं बोलून तो ताटली तिथंच ठेवून खेळायला पळाला. त्याचं ते 'मग?' मात्र माझ्यापाशी राहिलं.

आमचं बिलोली म्हणजे काठावरचं गाव. नदी ओलांडली की बोधन, निजामाबाद. माझी आजी तिकडची. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. आम्ही मुंबई राज्यात आलो, अव्वाचं माहेर आंध्रात गेलं, आणि पाणी दोन्हीकडं मांजरेचंच राहिलं. ही मांजरा पुढं कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तिथं तिसरी नदी मानतात हरिद्रा. हरिद्रा म्हणजे हळद. निजामाबादची हळदीची पेठ आजही मोठी आहे. जिथं नदीलाच हळदीचं नाव आहे, तिथल्या माणसाला पडशात हळद घालून दूध प्यायचं निराळं शिकवावं लागत नाही.

पडसं झालं की अव्वा काढा करत नसे, मिरियाल चारु करायची. चिंचेच्या पातळ कोळात ठेचलेले मिरे, जिरे, लसूण आणि वरून हिंगाची चरचरीत फोडणी. वाटीवर तोंड धरलं की नाकातून पाणी आणि डोळ्यांतून आसवं एकदमच. "तागु बिड्डा, तागु," ती म्हणायची. पी लेकरा, पी. मायचं म्हणणं निराळं. घसा धरलेला असताना आंबट कशाला, हुलग्याचं माडगं द्यावं. दोघींचा वाद पडसं जाईपर्यंत चालायचा आणि मला दोन्ही प्यावं लागायचं.

तिसरी शेजारची खाला. तिच्याकडून जोशांदा यायचा. उन्नाब, सपिस्तान, बेहदाना, ज्येष्ठमध, बनफ्शा असं रात्री भिजत घालून सकाळी उकळायचं, गाळायचं आणि खडीसाखर घालून द्यायचं. "गरम-गरम पी लेव, नक्को मत बोलो." शिवाय दोन्ही घरांच्या फडताळात एक-एक छोटी बाटली असायची, जिंदा तिलिस्मातची. हैदराबादच्या हकीम मोइजुद्दीन फारुकींनी १९२० मध्ये ती काढली. निलगिरीच्या तेलाचा तो भपकारा आला की मला अजून आमची जुनी माळवदाची खोली दिसते.

खालाच्या नवऱ्याला जोशांदा एका हकीमसाहेबांनी लिहून दिला होता. चिठ्ठी उर्दूत. त्या घरात वाचणारं कुणी नसलं की ती आमच्याकडं यायची, कारण माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतच शिकलेले. ते मोठ्यानं वाचायचे : उन्नाब पाच दाणे, सपिस्तान नऊ दाणे, अमुक इतके मासे. पण ते सगळं वाचण्याआधी, कागदाच्या अगदी माथ्यावर लिहिलेलं वाचायचे, "हुवश्शाफी." मी विचारलं, हे कोणतं औषध? वडील म्हणाले, "हे औषध नाही. तोच बरं करणारा, असं हकीमसाहेबांनी आधी लिहिलंय. मग खाली औषध लिहिलंय."

सात-आठ वर्षांची होते मी. मला वाटलं, तोच बरं करणार असेल तर खाली दाणे मोजून कशाला लिहायचे? आणि दाण्यांनीच बरं होणार असेल तर वर त्याचं नाव कशाला? नातवाचं 'मग?' ते हेच. साठ वर्षांनी घरात परत आलं.

नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकायला गेले तेव्हा तिथं नरहर कुरुंदकर होते, आणि 'कशावरून?' असं विचारण्याला त्या आवारात प्रतिष्ठा होती. संस्कृतच्या तासाला न्यायशास्त्राची तोंडओळख झाली. कारण कशाला म्हणावं? जे कार्याच्या आधी नेमानं असतं ते. पण एवढ्यानं भागत नाही, कारण आधी तर कितीतरी गोष्टी असतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्यानं फांदी तोडली असं होत नाही. संस्कृतात त्यालाच काकतालीय म्हणतात. म्हणून नैयायिकांनी एक चाळणी लावली. कार्याच्या आधी हजर असूनही ज्याच्यावाचून कार्य अडत नाही, ते 'अन्यथासिद्ध'. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि पाचव्याचं उदाहरण आहे कुंभाराचं गाढव. मडकं व्हायला माती लागते, चाक लागतं, दांडा लागतो, कुंभार लागतो. माती गाढवावरून आली खरी. पण ती डोक्यावरूनही आणता आली असती. गाढव तिथं होतं, त्यानं ओझंही वाहिलं, तरी ते मडक्याचं कारण नाही.

वर्गात सगळे हसले. मीही हसले. सुटीत बिलोलीला आले तर मायला ताप-खोकला, आणि तशातही ती धाकट्या भावासाठी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून त्याची छाती शेकत बसलेली. मला एकदम ते गाढव आठवलं आणि फार वाईट वाटलं. ही रात्र-रात्र जागते, ती कारणाच्या यादीत बसतच नाही की काय?

कारण पडशाबद्दलची गोष्ट खरीच तशी आहे. ते आपलं आपण जातं. दोनशेहून अधिक विषाणूंनी पडसं होऊ शकतं आणि त्यातल्या एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. इंग्लंडात सॅलिस्बरीजवळ १९४६ साली केवळ पडशाच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघालं. ते चाळीसहून अधिक वर्षं चाललं. माणसं आपणहून तिथं जाऊन राहायची आणि नाकात विषाणूचे थेंब सोडवून घ्यायची. काहींना आंघोळ घालून, ओल्या मोज्यांनिशी गार झोताच्या बोळात उभं करून पाहिलं. त्या प्रयोगात नुसत्या गारव्यानं पडसं धरलं नाही. म्हणजे आपलं 'वारं लागलं' हेही बऱ्याचदा कावळा-फांदीतलं. एवढं करून पडशाला मुळासकट उपटणारं औषध त्या केंद्राच्या हाती लागलं नाही आणि पुढंही कुणाच्या लागलं नाही. शरीर आठ-दहा दिवसांत स्वतःच विषाणूला निपटून काढतं. जीवाणूंवरच्या गोळ्यांचा विषाणूवर काही उपयोग नाही, हे छापून आलं, सांगून झालं, तरी गेल्या साली साध्या पडशासाठी एका ठिकाणी माझ्या हातात तसल्या पाच दिवसांच्या गोळ्या ठेवल्या गेल्या. मी त्या घेतल्या नाहीत आणि तिथं पुन्हा गेले नाही. ज्या औषधानं न्यूमोनियातलं लेकरू वाचतं, ते शिंकेवर उधळून बोथट करायचं, हे मला पाप वाटतं. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

निवृत्त झाल्यावर मी चरकसंहिता सलग वाचायला घेतली. सूत्रस्थानाच्या नवव्या-दहाव्या अध्यायापाशी आले आणि थांबले. खुड्डाकचतुष्पाद आणि महाचतुष्पाद अशी त्यांची नावं. नवव्यात सांगितलंय की उपचार चार पायांवर उभा असतो : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. दहाव्याच्या सुरुवातीला गुरू आत्रेय हेच पुन्हा सांगतात, आणि मैत्रेय मध्येच अडवतो.

मैत्रेय म्हणतो, हे खरं नाही. चारही पाय धडधाकट असताना काही रोगी उठून बसतात, काही मरतात. आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांच्यातलेही काही बरे होतात, काही मरतात. मग उपचार केला काय, न केला काय, सारखंच. खड्ड्यात किंवा तळ्यात थोडं पाणी ओतावं, वाहत्या नदीत किंवा धुळीच्या ढिगावर मूठभर धूळ टाकावी, तसा तुमचा उपचार.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या, ज्याला लोक हात जोडतात अशा वैद्यकाच्या ग्रंथात मैत्रेय आत्रेयांना सांगतो की तुमचं सगळं शास्त्र धुळीवर टाकलेली मूठभर धूळ आहे, आणि ग्रंथकार ते गाळत नाही, लपवत नाही, नीट उतरवून ठेवतो! आज आयुर्वेदाच्या नावानं बाटल्या विकणाऱ्यांना आणि आयुर्वेद म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनाही हा मैत्रेय ठाऊक असायला हवा. शंका बाहेरून आणावी लागत नाही. ती घरातलीच आहे.

आत्रेयांचं उत्तर मला त्याहून आवडलं. ते मैत्रेयाची हकिकत खोटी ठरवत नाहीत. उपचारावाचून माणसं बरी होतात हे मान्य करतात. मग म्हणतात, एखादा माणूस पडला आहे, त्याच्यात स्वतःहून उठायचं बळ आहे. तरी दुसऱ्यानं हात दिला तर त्याचं बळ वाढतं आणि तो लवकर उठतो. 'अपरिक्लिष्ट' उठतो, असा त्यांचा शब्द आहे. क्लेश न होता.

या एका शब्दात मला माझ्या मायची जागा सापडली. आम्ही वर्गात कार्य म्हणजे फक्त 'पडसं गेलं' एवढंच धरत होतो. त्या कार्याला काढा अन्यथासिद्ध असेल, असू दे. पण रात्री लेकरू खोकून-खोकून रडतं, त्याचा घसा ओला करून त्याला झोप लागू देणं हेही एक पुरं कार्य आहे, त्याचं त्याला निराळं कारण आहे, आणि ते कारण माझी माय आहे. यात गाढव कुणी नाही.

ही मनाची समजूत नाही. कार्डिफच्या संशोधकांनी २००८ मध्ये पडसं झालेल्या ३० जणांना फळांच्या रसाचं एकच पेय दिलं, गरम आणि साधं. साध्यानं नाक, खोकला, शिंका यांना थोडा आराम पडला. गरमानं त्याशिवाय घशाची खवखव, हुडहुडी आणि गळाठा यांनाही लगेच उतार वाटला. अव्वाची चारु, मायचं माडगं, खालाचा जोशांदा यांच्यात समान काय होतं ते यावरून कळतं. मधानं खोकल्याची रात्र थोडी सुसह्य होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. आणि कुंपणावरचा अडुळसा, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं. वाफाऱ्याचं तसं नाही. बरं वाटतं, पण आजार कमी होतो असं पक्कं दिसलेलं नाही. वाफाऱ्याबद्दल मला पुढं सांगायचंच आहे.

चरकानं त्या चार पायांचे प्रत्येकी चार गुण दिलेत. परिचारकाचे चार : सेवा कशी करावी याचं ज्ञान, हातांची चलाखी, स्वच्छता आणि अनुराग. ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी माया. हे वाचून मी पुन्हा थांबले. सोळा कलमांच्या काटेकोर यादीत, औषध भरपूर असावं, किडकं नसावं अशा व्यवहाराच्या गोष्टींच्या ओळीत माया मोजून ठेवली आहे. प्रस्तावनेत नाही, आशीर्वादात नाही. यादीत.

पण यादीत माया एकटी नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. ते मी उशिरा शिकले.

चार वर्षांमागची गोष्ट. हाच नातू सहा वर्षांचा होता. असंच पडसं. चौथ्या दिवशी तो हिंडायला-फिरायला लागला होता, नाक मोकळं होतं. त्याचा बाप हैदराबादला कामाला असतो, रात्री फोन करतो. त्याला सांगायचं होतं, 'मी वाफारा दिला आणि पोरगं खडखडीत झालं.' म्हणून, गरज नसताना, मी पातेलंभर पाणी उकळलं, स्टुलावर ठेवलं, निलगिरीचे थेंब टाकले, लेकराच्या डोक्यावर चादर घातली. आत गुदमरल्यासारखं होऊन ते एकदम उठलं. पाय स्टुलाला लागला. पाणी मांडीवर.

तो आवाज मी सांगू शकत नाही. मी हळदीचा डबा घेऊन धावले. सुनेनं माझा हात धरला, लेकराला उचललं आणि न्हाणीतल्या नळाखाली धरलं. वीस मिनिटं ती तशीच उभी होती, साडी सगळी भिजलेली. मग दवाखाना. तिचं शहाणपण म्हणून निभावलं. त्याच्या डाव्या मांडीवर करंजीएवढा फिकट डाग आहे. मी तो रोज बघते.

माया होती. ज्ञान नव्हतं, चलाखी नव्हती. आणि मायेत एक दुसरंच काहीतरी मिसळलेलं होतं, ते मला त्या रात्री देवापुढं बसल्यावर दिसलं. मला फळ हवं होतं. पोर बरं होणं हे फळ नव्हे, ते तर होतच होतं. 'माझ्यामुळं' हे फळ. गीता मी वर्षानुवर्षं शिकवली. कर्मावर अधिकार, फळावर नाही, याची टिपणं फळ्यावर लिहून दिली. परीक्षेत त्यावर प्रश्न काढले. आणि त्या शिकवणुकीचा इतका सोपा धडा घरातल्या घरात होता तो दिसला नाही. पडसं हे असं दुखणं आहे की त्यात फळ आपल्या हाती नाही हे उघड दिसतं. पीक, परीक्षा, संसार यांत आपण म्हणू शकतो की माझ्या कष्टानं झालं. पडशात तसं म्हणताच येत नाही. तिथं नुसतं करायचं असतं. लेकराचं नाक पुसायचं, पेला हाताच्या पाठीला लावून बघायचा. हकीमसाहेबांनी चिठ्ठीच्या माथ्यावर आधी ते दोन शब्द का लिहिले आणि तरीही खाली दाणे मोजून का लिहिले, हे मला वयाच्या सत्तरीला येऊन कळलं. वरची ओळ नसेल तर हात चढेल होतो. खालची नसेल तर वरच्या ओळीच्या नावाखाली माणूस हात बांधून बसतो.

तेव्हापासून लहान लेकराला मी वाफारा देत नाही. नाक चोंदलं तर उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटभरसुद्धा नाही, कारण मधातून एक जीवघेणा विकार त्या कोवळ्या आतड्यात रुजू शकतो. यावरून घरात बोलाचाली झाली. आमच्यात जन्मलेल्या बाळाला सोनं आणि मध चाटवायची रीत आहे, जातकर्मातली. धाकट्या नातीच्या वेळी मी सांगितलं, सोन्याची अंगठी आईच्या दुधात बुडवून ओठांना लावा. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "शास्त्र मोडायलीस." मी म्हणाले, लेकरू जगावं म्हणूनच तर शास्त्रानं मध सांगितला होता. हेतू तोच ठेवला, द्रव्य बदललं. आज त्यांना ते पटलेलं आहे असं मी म्हणणार नाही.

खोकला कुठवर घरचा आणि कुठून दवाखान्याचा, हे मला एका आशाताईनं शिकवलं. लेकरू शांत असताना त्याच्या पोटाकडं बघायचं आणि पुरं एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे चाळीस किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, पाणी पीत नसेल, तर काढ्याचं पातेलं खाली ठेवायचं आणि निघायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं एक साधन केलं. न्यूमोनिया गावातच ओळखून उपचार केल्यानं बालमृत्यू घटले, हा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. ते वाचलं तेव्हा मला मायची जपमाळ आठवली. एकेक मणी पुढं सरतो आणि त्याच्यासंगं एका लेकराचा श्वास मोजला जातो. याहून मोठा जप कोणता असेल, मला माहीत नाही.

मोठ्या माणसांनाही कुणीतरी लागतं. माझे पती गेले तेव्हा दिवसांची व्यवस्था, पाहुणे, कागदपत्रं यांत मी रडलेच नाही. तेराव्यानंतर मला असं पडसं झालं की तीन आठवडे हटेना. पुढं चरकात वाचलं की आसवांचा वेग अडवला तर प्रतिश्याय होतो, म्हणजे पडसंच. त्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही. कावळा आणि फांदी मला ठाऊक आहे. पण एका संध्याकाळी खाला, तेव्हा ऐंशीच्या पुढची, काठी टेकत जोशांद्याचा गडवा घेऊन आली. बोलली काहीच नाही. ओढणीच्या टोकानं गरम गडवा धरून माझ्यापुढं बसली. मी प्यायले आणि मग रडले. काय कशानं मोकळं झालं, ते मी वेगळं करायला गेले नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. लहानपणी मी ती भूतदयेची गोष्ट म्हणून ऐकली. आता मला त्यात ते दुसरं गाढवही दिसतं. शास्त्रानं ज्याला कारणांच्या पंगतीतून उठवलं, त्याला नाथांनी देवाच्या पंगतीला बसवलं. शास्त्र चुकलं असं नाही. मडक्याचं कारण शोधताना गाढव बाजूलाच काढायला हवं. पण तहान लागलेल्या गाढवापुढं उभं राहून मडक्याचा विचार करत बसायचं नसतं.

नातवाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. रविवारी तो खो-खो खेळून गुडघा फोडून आला. मी जखम धुता धुता विचारलं, "पडलास तेव्हा कुणी उठवलं?"

त्यानं मित्राचं नाव सांगितलं.

"तो नसता तर उठला नसतास का?"

"उठलो असतो की."

"मग हात कशाला धरलास त्याचा?"

त्यानं जरा विचार केला. "त्यानं दिला म्हणून," म्हणाला. मग गुडघ्याकडं बघून, "आणि मला बरं वाटलं."

यापुढं आत्रेयांनाही काही सांगायचं उरलं नसतं. मीही गप्प बसले.

आता त्याचं पडसं धाकटीला लागलंय. चार वर्षांची आहे. संध्याकाळी तिला अर्धा चमचा मध दिला, नाकात थेंब घातले, उशाखाली आणखी एक घडी सरकवली. सून दिवसभराची दमून झोपली आहे, म्हणून मीच बसले आहे. अंग कोमट लागतंय. झोपेत नाक वाजतंय, पण मधून मधून ओठ हलतात, म्हणजे स्वप्न पडत असावं. मी गोधडी थोडी खाली केली, घड्याळ जवळ घेतलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. पोट वर येतं, खाली जातं. बाहेर मांजरेकडचा वारा आहे. मिनिटाला एकतीस भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले. एकतीस. गोधडी वर ओढली.